झरीच्या लग्नाची भांडी आणि नवा कोरा शाफ्ट

२० एप्रिल २०१७, गुरुवार. हजर: मी, सुनंदा, नाशिकला विद्यार्थ्यांची मेस चालवते. माझे यजमान दिलीप, कारखान्याच्या देखभाल विभागातून मुदतीआधी निवृत्त. रानशेतला येऊन मिळालेले: देवजी धोडी, लग्नकार्याला भांडी आणि मंडप भाड्याने देणारा, आणि त्याची बायको पारू. पाचवी आमची गाडी. जपानी बनावटीची, जुनी, चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी. तिलाच विकायला आम्ही डहाणू तालुक्यात निघालो होतो.

देवजीने मोबाइलवर जाहिरात पाहून फोन केला होता. त्याची गिऱ्हाइकं डोंगराकडच्या पाड्यांवर. तिथे डांबरी रस्ता संपला की ओहळ, मुरूम आणि चढ. त्याचा जुना टेम्पो बंद पडल्यापासून पाड्यावरची लग्नं तळासरीचा एक मोठा मंडपवाला ट्रॅक्टर पाठवून घेऊन जात होता. देवजीला चढणारी गाडी हवी होती आणि ती लग्नसराई संपायच्या आत हवी होती. पण गाडी बघायला नाशिकला यायला तो तयार नव्हता.

"बैल घेताना जुंपून बघतात ना, तसां," तो फोनवर म्हणाला. "शुक्रवारी झरीला लगीन हाय. भांडी भरू, नेऊ. तू पण संगती ये. बैल बसला तर उठवायला इकणारा पायजे."

दिलीपना बैलापेक्षा 'तू' जास्त लागलं. "ओळख ना पाळख, एकदम अरेतुरे," ते फोन ठेवून म्हणाले. आमच्याकडे रिक्षावाल्यालाही अहो म्हणायची पद्धत. तिकडे गेल्यावर कळलं की गावातली माणसं सरपंचाला, डॉक्टरला, देवाला, सगळ्यांना तूच म्हणतात. त्यात अपमान नसतो आणि सलगीही नसते.

आता गाडीबद्दल जे मला माहीत होतं ते इथेच सांगते, म्हणजे पुढचं समजेल. इंजिन पुढे असतं. त्याचा जोर मागच्या चाकांपर्यंत न्यायला गाडीच्या पोटाखालून एक लांब लोखंडी दांडा जातो. त्याला मेकॅनिक लोक शाफ्ट म्हणतात. थंडीत आमच्या गाडीचा शाफ्ट घुमायला लागला. खराब झालं होतं फक्त त्याच्या मधलं बेअरिंग, पण कंपनीकडून नुसतं बेअरिंग मिळत नाही, अख्खा शाफ्टच घ्यावा लागतो, आणि तो गाडीच्या उरलेल्या आयुष्याला शोभेल अशा भावात नव्हता. दिलीपनी बाजारातला लोकल शाफ्ट आणला, स्वतः गाडीखाली झोपून बसवला आणि मग गाडीच्या पोटाला या टोकापासून त्या टोकापर्यंत काळा रंग दिला. काम नीटनेटकं झालं होतं, यात शंका नाही.

"देवजीला सांगायचं ना, शाफ्ट लोकल आहे म्हणून?" मी निघायच्या आदल्या दिवशी विचारलं.

"विचारलं तर सांगू. न विचारता कोण सांगतं?"

"मी सांगितलं असतं."

"तू मेसच्या मुलांना सांगतेस, आज तेल कुठल्या ब्रँडचं आहे ते?"

मी सांगते. फळ्यावर लिहिते. पण निघायच्या गडबडीत तो वाद तसाच राहिला आणि एका गाडीत दोन मतं घेऊन आम्ही निघालो.

रानशेत, गुरुवार

त्र्यंबक, मोखाडा, जव्हार हा रस्ता अनेकांनी लिहून ठेवला आहे, त्यामुळे मी तो सोडते. एकच नोंद: जव्हार सोडून उतार लागला तेव्हा माझ्या पायाखाली बारीक थरथर सुरू झाली. मोबाइल व्हायब्रेटवर असावा तशी.

"रस्ता खराब आहे," दिलीप म्हणाले.

त्या तुकड्यावर डांबर इतकं नवं होतं की पांढरे पट्टेही मारायचे राहिले होते. मी पाण्याच्या बाटल्या मोजल्या.

घाट उतरल्यावर हवा बदलते. नाशिकचं ऊन कोरडं, इथे घाम वाळतच नाही. झाडंही बदलतात. ताडांच्या रांगा सुरू होतात, प्रत्येक ताडाला वर मडकं लटकलेलं. रानशेतला देवजीचं घर रस्त्यापासून आत आहे: कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेल्या, वर कौलं. अंगणात मांडवासाठी बांबू उभे केलेले आणि ओटीवर भांडी. मेस चालवणाऱ्या बाईला दुसऱ्याची भांडी दिसली की हात शिवशिवतात. मी चहाच्या आधी त्यांच्याकडेच गेले. टोप एकात एक बसवलेले, प्रत्येकाच्या काठावर खिळ्याने ठोकून खूण केलेली. आम्ही पातेलं म्हणतो ते इथे टोप. झाकणं वेगळी, झारे गोणीत, आणि प्रत्येक टोपाच्या बुडाला बाहेरून मातीचा हात फिरवलेला.

"चुलीवर चढवायच्या आधी माती लावायची, मंग काजळी घासायला लागत नाय," पारू म्हणाली. "तू काय करते?"

"मी गॅसवर करते."

"मंग तुला काय सुख हाय," ती म्हणाली, आणि आमची ओळख झाली.

पारू माझ्याच वयाची असेल. भांड्यांचा धंदा लोक देवजीचा म्हणतात, पण कुठला टोप कुठल्या गावाला गेला आहे हे तिला विचारावं लागतं. देवजी उंच, बारीक, बोलताना नेहमी दुसरीकडे बघणारा. त्याने गाडी तपासली ती अशी: बॉनेट उघडलं नाही. मागचं दार उघडून सगळ्यात मोठा टोप आत ढकलला. तो दोन्हीकडे बोटभर जागा सोडून बसला. मग स्वतः मागच्या काठावर बसून वर-खाली झाला. शेवटी गुडघ्यावर बसून गाडीखाली डोकावला.

"खालून लय काळी केलीस," तो दिलीपना म्हणाला. "नवरीला काजळ घालतात तशी."

दिलीप हसले. देवजीही हसला. हा प्रश्न होता की नाही हे मला ठरवता आलं नाही. दिलीपनी तो नव्हता असं धरलं.

जेवायला तांदळाची भाकरी आणि कैरी घातलेली सुकट. आमच्याकडे भाकरी म्हणजे बाजरी, ती तोडावी लागते. ही नुसती मोडते, आणि गार झाली तरी मऊ राहते. कृती मी पारूकडून लिहून घेतली. उकड काढायची हे मला ठाऊक होतं. पीठ जुन्या तांदळाचं नको, हे नवीन होतं.

संध्याकाळी आम्ही दोघं डहाणूच्या समुद्रावर जाऊन आलो. वाटेत दोन्ही बाजूंना चिकूच्या वाड्या. आमच्या द्राक्षबागा कशा सगळं काही उघड्यावर मांडून बसलेल्या असतात, तारा, खांब, घड. चिकूचं झाड मात्र फळ पानात दडवतं. एका म्हाताऱ्याकडून चिकू घेतले. तो आधी गुजरातीत, मग मराठीत, मग हिंदीत बोलला आणि तिन्ही भाषांत भाव तोच सांगितला. परतताना पायाखालची थरथर पुन्हा आली. या वेळी दिलीप रस्त्याबद्दल काही म्हणाले नाहीत.

सायवनच्या पुढे, शुक्रवार

या भागात भांडी घरी परत येत नाहीत. एका लग्नातून उठतात आणि थेट दुसऱ्या लग्नाला जातात. मोठे टोप सायवनच्या पुढच्या एका पाड्यावर आदल्या दिवशीच्या लग्नात होते. ते तिथून उचलायचे, उधवा, तळासरी करत झरीला पोचवायचे आणि दुपारच्या पंगतीआधी तिथे डाळ चुलीवर चढली पाहिजे. झरीच्या नवरीचा बाप देवजीचं जुनं गिऱ्हाईक. त्याला तळासरीच्या मंडपवाल्याने ट्रॅक्टरसकट सगळं देऊ केलं होतं. त्याने नाही म्हटलं, कारण देवजीने शब्द दिला होता. देवजीने हे सांगितलं ते तक्रारीच्या सुरात नाही. नुसतं सांगितलं. पण पहाटे उठून त्याने आपल्या हाताने गाडीची काच पुसली होती.

सायवनपर्यंत रस्ता चांगला. पुढे डांबर सुटलं, मग एक उतार, मग कोरडा ओहळ, त्यातले गोटे, आणि पलीकडे पाडा. जाताना गाडी रिकामी होती आणि फार छान गेली. चारही चाकांनी गोटे धरले. देवजी पुढच्या सीटवर बसून एकदाच म्हणाला, "चढते." दिलीपनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. तो त्यांचा त्या दिवसातला शेवटचा सुखाचा क्षण.

पाड्यावर माणसं आदल्या रात्रीच्या नाचाने दमून झाडाखाली पडली होती, पण भांडी घासून, उपडी घालून तयार होती. मी मेसच्या सवयीने नग मोजायला लागले तर पारू म्हणाली, "नको मोजू. मोजली तर ते रागवतील. कमी असलं तर तेच सांगतील." एक झारा कमी होता. एका बाईने तो स्वतःहून आणून दिला. त्यातून तिने पोराला पेज पाजली होती.

टोप भरले. त्यांच्या पोटात कढया, कढयांत पराती, वर तांदळाच्या गोणी, कारण पाड्याचं आणि झरीच्या घराचं नातं होतं आणि लग्नाला रिकाम्या हाताने भांडीसुद्धा पाठवत नाहीत. मग कुणीतरी सरपणाच्या दोन मोळ्याही चढवल्या. गाडीची शेपूट खाली बसली, नाक वर झालं.

"फार झालं का?" मी दिलीपना हळूच विचारलं.

"फोर व्हील आहे," ते म्हणाले.

ओहळात उतरलो. पलीकडच्या चढाला गाडीने नाक लावलं तसा माझ्या पायाखालून ठक् असा आवाज आला, मग ठक्-ठक्-ठक्, मग लोखंडाने लोखंड चावावं तसा करकराट. दिलीपनी ब्रेक दाबला. गाडी बंद. ओहळातल्या गोट्यांवर आम्ही पाच जणी-जण उभे, गाडी धरून.

देवजी खाली उतरला, गाडीकडे बघितलं आणि म्हणाला, "बैल बसला."

कासा गावात हसमुखभाई म्हणून मेकॅनिक आहे. देवजीने चढावर जाऊन, मोबाइलला रेंज शोधून त्याला बोलावलं. तो येईपर्यंत आम्ही सामान उतरवलं. पाड्यावरची माणसंही आली, सरपणाच्या मोळीवर बसून गप्पा मारू लागली. गाडी कुणाची यावर त्यांच्यात वाद होता. देवजीची, असं एक म्हातारी म्हणाली. "अजून नाय," पारूने तिला सांगितलं. "अजून ह्यांचीच हाय."

हसमुखभाई मोटरसायकलवर आला. गोल, घामेजलेला, तिन्ही भाषा एका वाक्यात वापरणारा. त्याने दिलीपना गाडी सुरू करून थोडी पुढे-मागे करायला लावली, स्वतः कान लावून ऐकलं, मग गाडीखाली सरकला. आतूनच बोलत राहिला.

"शाफ्ट तो एकदम नवा छे. कोरा. रंग पण ताजा. ह्याला काय होणार नाय. आवाज पुढून येतो, गिअरबॉक्सच्या बाजूने. शेठ, गिअरबॉक्सचं मागचं घर खोलायला लागेल."

"इथे?" मी विचारलं.

"इथे कसं होईल, बेन? दोरी बांधून, टोचन करून कासाला न्यायची. आज खोलू, उद्या बघू."

देवजी ओहळात उभा होता, मोठ्या टोपाच्या काठावर हात ठेवून. झरी त्या जागेपासून डोंगर उतरून पलीकडे, पार गुजरातच्या हद्दीजवळ. पारू त्याला हळू आवाजात म्हणाली, "तळासरीवाल्याला फोन कर. त्याचा ट्रॅक्टर येल." देवजीने मान हलवली, पण खिशातला फोन काढला नाही.

हसमुखभाई बाहेर आला, हात पुसले आणि दिलीपसमोर उभा राहिला. "शेठ, एक बोला. खाली काय काय काम केलंय? काय बदललं?"

दिलीप गाडीकडे बघत होते. त्यांच्या मनातला हिशोब मला ऐकू आल्यासारखा स्पष्ट होता. काही नाही म्हटलं तर गिअरबॉक्स खोलणार, तो चांगला आहे हे त्यांना ठाऊक. खरं म्हटलं तर देवजी तिथेच उभा.

"अहो," मी म्हणाले. "आता विचारलंय."

ते एकदा माझ्याकडे, एकदा देवजीकडे वळले. मग म्हणाले, "शाफ्ट लोकल आहे. मीच बसवला. जव्हारपासून थरथरत होता. गिअरबॉक्सला हात लावू नका. शाफ्टच्या पुढच्या टोकाचा जोड बघा, क्रॉस."

"पण तो नवा हाय," हसमुखभाई म्हणाला. त्याला ते पटत नव्हतं. नव्या वस्तूवर संशय घ्यायचा तर जुनीवर कशाला भरवसा ठेवायचा, असं काहीसं तो गुजरातीत पुटपुटला.

"नवा आहे म्हणूनच तुम्ही बघितला नाही," दिलीप म्हणाले. "मीपण कालपासून हेच करतोय."

ते शर्ट काढून बनियनवर गाडीखाली गेले. हसमुखभाई दुसऱ्या बाजूने. शाफ्ट हाताने फिरवून पाहिला आणि पुढचा जोड सापडला. बाहेरून चकचकीत, काळ्या रंगात, आणि आतल्या बारीक सळ्यांचा भुगा. मागे भार बसून शाफ्टचा कोन बदलला, आणि सपाटीवर कसाबसा फिरणारा जोड चढावर अडकला. दिलीपनी तो भुगा बोटावर घेऊन बाहेर आणला आणि देवजीला दाखवला. दाखवायची गरज नव्हती. तरी दाखवला.

देवजीने भुगा पाहिला. "म्हणजे काजळ होतां," तो म्हणाला.

"हो."

"इचारलां असतां तर काल बोलला असतास?"

"बोललो असतो."

"मंग माझी पण चुकी. मी हसलो." तो टोपाकडे वळला. "आता बोल, उठतो का बैल?"

उठत होता, पण अर्धा. शाफ्ट पूर्ण काढून टाकला तर या जातीची गाडी नुसत्या पुढच्या चाकांवर चालते. दोघांनी मिळून बोल्ट सोडवले आणि शाफ्ट बाहेर ओढला. पण ओहळातून वर जाणारा तो मुरमाड चढ पुढच्या चाकांना पेलवेना. रिकामी असली तरी चढावर भार मागे जात होता, नाक हलकं होत होतं. चाकं जागच्या जागी फिरत आणि धूळ उडत राहिली. आठ-दहा माणसांनी ढकललं. गाडी चढली आणि घसरली, चढली आणि घसरली.

"तळासरीवाला," पारू पुन्हा म्हणाली, या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं.

दिलीप चढाच्या मध्यावर जाऊन उभे राहिले. देखभाल विभागात असताना ते असेच उभे राहत, असं त्यांचे सहकारी सांगतात: हात कमरेवर, डोळे बारीक. मग खाली आले आणि म्हणाले, "उलटी नेऊ. रिव्हर्समध्ये."

"उलटी?" हसमुखभाई म्हणाला.

"तोंड उताराकडे ठेवलं की भार पुढच्या चाकांवर येतो. तीच चाकं ओढतात."

हसमुखभाईने विचार केला. "वात साची छे, खरं हाय," तो म्हणाला. "पण मी नाय चालवणार. मला मागे बघून मान दुखते."

गाडी ओहळात फिरवली. तांदळाच्या गोणी पुढच्या सीटवर ठेवल्या, त्यांना पट्टा लावला. मोठे टोप माणसांनी डोक्यावर घेतले. पारू आणि मी झाकणं घेतली, एकेका हाताला एक. दिलीप चालवायला बसले, देवजी मागे उभा राहून हात करत होता: डावी, डावी, सीधी. आमची गाडी पाठमोरी, सावकाश, कुरकुरत चढ चढू लागली. मुरूम उडाला, पण चाकांनी धरला. झाडाखालची सगळी माणसं उठून बघायला आली.

"वरात पाठमोरी निघाली," ती म्हातारी म्हणाली. "नवरदेव रुसला काय?"

"नवरदेव नाशिकचा हाय," पारू म्हणाली. "तिकडं असंच चढतात."

वर सपाटीला आल्यावर गाडीचं तोंड सरळ केलं, सामान पुन्हा भरलं, सरपणाच्या मोळ्या मात्र पाड्याला परत दिल्या. शाफ्ट टपावर दोरीने बांधला. हसमुखभाईने आपला मोबदला दिलीपकडून घेतला, आणि वर एक सल्ला दिला: "शेठ, लोकल माल सपाटीला चालते. डोंगराला नाय." दिलीपनी तो निमूट ऐकून घेतला. त्यांना हे सांगणारा पहिला माणूस तो नव्हता, पण तसं म्हणायची मला गरज वाटली नाही.

झरी, त्याच दुपारी

उधवा, तळासरी. उतार आणि सपाटी, गाडी पुढच्या चाकांवर शहाण्यासारखी चालली. थरथर पूर्ण गेली होती, हे दिलीपनी दोनदा बोलून दाखवलं.

झरीला पोचलो तेव्हा मांडवात लोक बसले होते, चुलीसाठी चर खणून तयार होता, सरपण रचलेलं होतं आणि चुलीवर काहीही नव्हतं. नवरीचा बाप, सोमा, चराच्या काठावर उकिडवा बसला होता. त्याने देवजीला काही विचारलं नाही. उठला आणि पहिला टोप स्वतः उतरवून घेतला. मी देवजीकडे पाहिलं. सकाळपासून तो पहिल्यांदा समोर बघत होता.

डाळ शिजायला वेळ नव्हता. ते माझं क्षेत्र. मेसमध्ये गॅस संपला की काय करायचं हे मला पाठ आहे. एका मोठ्या टोपात एकदम घालायची नाही, चार लहान टोपांत वाटायची, पाणी आधी उकळून घ्यायचं, मीठ शेवटी. गावच्या बायकांनी माझ्याकडे आधी संशयाने पाहिलं. "पातळ होल," एक म्हणाली. पारूने तिला सांगितलं, "ती रोज पोरांना घालते, करू दे." डाळ झाली. थोडी पातळ झाली, हे मान्य करते. भात पारूने केला आणि तो उत्तम झाला. पानांच्या पत्रावळींवर पंगत बसली, आणि वाढताना कुणीही कुणाला आग्रह केला नाही. आमच्याकडे आग्रहाशिवाय पंगत म्हणजे अपमान. इथे पोट ज्याचं त्याचं. मला ती पद्धत आवडली. अन्न अजिबात टाकलं गेलं नाही.

जेवल्यावर आम्ही चौघं मांडवाच्या मागे चिंचेखाली बसलो. गाडी समोर उभी होती, टपावर शाफ्ट. दिलीप म्हणाले, "देवजीभाई, व्यवहार राहू दे. गाडी मी परत नेतो."

देवजी पारूकडे वळला. ती सुपारी कातरत होती.

"बैल बसला," ती म्हणाली. "पण इकणारा पळाला नाय. आणि भांडी पोचली."

"मला चढणारी गाडी पायजे," देवजी म्हणाला. "ही चढते. सकाळी रिकामी चढली, मी बघितली. हिचं हाड चांगलां हाय, काठी खोटी हाय. पहिली काठी कुठं हाय? फेकलीस?"

"जुना शाफ्ट?" दिलीप म्हणाले. "फेकला नाही. ओझरला माझ्या भावाच्या गच्चीत आहे. वहिनींनी तो कपडे वाळत घालायला दोन खांबांवर आडवा टाकलाय."

पारू इतकी हसली की अडकित्ता खाली ठेवावा लागला.

"त्याला काय झालं होतां?" देवजीने विचारलं.

"मधलं बेअरिंग गेलं होतं. बाकी ठीक होता."

"मंग बेअरिंग घाल. तीच काठी आण."

दिलीपनी सांगितलं की नुसतं बेअरिंग कंपनी देत नाही, कुणाकडून तरी मापाचं शोधावं लागेल, प्रेसवर बसवावं लागेल, मग लेथवर फिरवून तोल बघावा लागेल. देवजीने शेवटपर्यंत ऐकलं. "मंग कर," तो म्हणाला.

ठरलं ते असं. गाडी देवजीकडे ठेवायची. शाफ्टशिवाय तो ती सपाटीच्या गावांना वापरेल: रानशेत, गंजाड, डहाणू. जुना शाफ्ट दुरुस्त करून आम्ही आणून बसवायचा, मग त्याच पाड्यावर, त्याच ओहळातून, भरलेली गाडी सरळ तोंडाने वर न्यायची. वर पोचली की व्यवहार पुरा. मी विचारलं, कागदावर लिहायचं का? देवजी म्हणाला, "तुला लिहायचां तर लिही. मला आठवण राहील."

आम्ही तळासरीहून एसटी धरली. लोकल शाफ्ट देवजीने ठेवून घेतला. मांडवाचा खांब म्हणून चालेल, असं त्याचं मत.

नाशिक

परतल्यावर पहिल्या रविवारी ओझरला जाऊन शाफ्ट आणला. वहिनींना बदल्यात नायलॉनची दोरी नेऊन दिली. त्या म्हणाल्या, चादरी दोरीवर झोळ खातात, शाफ्टवर सरळ वाळायच्या. मेसच्या मागच्या व्हरांड्यात तो आता भिंतीला टेकवून उभा आहे, खाली पुठ्ठा, वर प्लास्टिक. पाण्याने गंज चढला होता तो दिलीपनी घासून काढला. रंग दिलेला नाही. मी विचारलं तर म्हणाले, "नको. दिसू दे."

बेअरिंग मिळत नाही. मापाचं म्हणून एक आलं होतं. आतला व्यास बरोबर, बाहेरचं रबर मऊ. दिलीपनी अंगठ्याने दाबलं, तसं ते दबलं. दुकानदार म्हणाला, सगळे हेच घालतात, स्वस्त पडतं, कुणाची तक्रार नाही. दिलीपनी ते परत दिलं. एका जुन्या गाड्या मोडणाऱ्याने आमच्याच जातीची गाडी आली तर कळवतो म्हणून सांगितलं आहे. लेथवाल्याला बोलून ठेवलं आहे. पुढचं सगळं त्या एका रबराच्या कड्यावर थांबलं आहे.

काल पारूचा फोन आला. सपाटीची लग्नं गाडी नीट करते. पण सायवनच्या पुढचा तोच पाडा, तिथल्या त्या म्हातारीच्या नातवाचं लग्न ठरलं आहे. म्हातारी स्वतः चालत रानशेतला भांडी सांगायला आली. तळासरीच्या मंडपवाल्याचा माणूस आदल्या दिवशीच येऊन गेला होता, तिने त्याला अजून हो म्हटलेलं नाही.

"मग तुम्ही काय सांगितलंत?" मी विचारलं.

"बस म्हटलां. चहा घे म्हटलां," पारू म्हणाली. "नवरा तर दुसरीकडं बघत होता. मी इचारते तुला, काय सांगू तिला?"

मी म्हटलं, दोन दिवसांत कळवते. फोन ठेवून त्या गाड्या मोडणाऱ्याला फोन लावला. त्याने उचलला नाही.